एकोणनव्वद मार्क

मिस्त्रींना इंजिनाचं दुखणं कानानं कळतं, हे सगळी गल्ली मान्य करायची. गॅरेजच्या दारात गाडी नुसती घुरघुरली तरी ते आतून ओरडायचे, "हवा कमी पडतेय हिला." मग स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा की गाडी सुरात. चाळीस वर्षं त्यांनी हा अर्धा फेरा फिरवला आणि क्वचितच चुकले. इथंच घोडं पेंड खातं. ज्याचा हात सहसा चुकत नाही, त्याला आपण चुकू शकतो हे सुचतच नाही.

त्यांच्या बायकोनं पंचवीस वर्षं गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजला होता. त्याचं बक्षीस म्हणून साठीत फुप्फुसांनी हात टेकले आणि ऑक्सिजनचं मशीन घरी आलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी येऊन सगळं समजावलं, ते मिस्त्रींनी तंतोतंत पाळलं. मशीन भिंतीपासून हातभर लांब ठेवलं. शेगडीच्या खोलीकडे नळी नेली नाही. नाकाला तेलकट मलम लावलं नाही. बिडी तर त्याच दिवशी सुटली, जी बायकोच्या तीस वर्षांच्या भांडणानं सुटली नव्हती.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरेना. मशीनवरच्या काचेच्या नळीत एक गोळी तरंगायची. नर्सबाईंनी दीडच्या रेघेवर तांबडी पट्टी चिकटवली होती. "गोळी इथंच राहिली पाहिजे. बोटाला लावायच्या या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव आला की पुरे."

"जरा जास्त दिला तर?"

"यांना सोसणार नाही, मिस्त्री. जास्त ऑक्सिजन मिळाला की यांच्या आतला खराब वायू साचतो आणि माणूस गुंगीत जातो. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

मिस्त्रींनी मान डोलावली. मान डोलावण्यात आणि पटण्यात बरंच अंतर असतं.

रोज सकाळी ते बायकोच्या बोटाला चिमटा लावत. ती विचारायची, "किती मार्क पडले?"

"एकोणनव्वद."

"शाळेत मला कधी चाळीसच्या वर नव्हते. पेढे वाटा."

ती हसायची आणि हसता हसता धापा टाकायची. त्या धापा ऐकून मिस्त्रींचे हात शिवशिवायचे. हवा कमी पडतेय हिला, हे त्यांना स्वच्छ ऐकू यायचं. एकदा त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. जन्मभर बिडी ओढणाऱ्याला सत्त्याण्णव आणि हिला एकोणनव्वद. हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. त्यांनी काचेच्या नळीखालचं बटण अर्धा फेरा फिरवलं आणि गोळी तीनवर गेली. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं, चारवर.

"बघ, सत्त्याण्णव. माझ्या बरोबरीला आलीस."

"डोकं ठणकतंय हो माझं."

"सवय होईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण अर्धवट टाकून ती झोपली. कित्येक महिन्यांत ती अशी गाढ झोपली नव्हती. मिस्त्रींना कोण आनंद झाला. त्यांनी रेडिओ बंद केला, खिडकी लोटली आणि घरात चवड्यांवर चालत राहिले. भांडंसुद्धा वाजू दिलं नाही. बायको हातातून जात होती आणि हा शहाणा तिची झोपमोड होऊ नये म्हणून जपत होता.

चार वाजता त्यांनी चहा आणला. "अगं, ऊठ." खांदा हलवला. गालावर थोपटलं. तिनं डोळे अर्धे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता मिटून घेतले. श्वास उथळ होता, मध्येच थांबत होता. मिस्त्रींची पाचावर धारण बसली. त्यांनी चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव. आकडा इतका चांगला आणि बाई उठेना. मग त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. बटण शेवटपर्यंत फिरवलं, गोळी पाचवर नेली आणि मशीनवर चिकटवलेला दवाखान्याचा नंबर लावून ती उठत नसल्याचं सांगितलं.

"गाडी लगेच पाठवते," नर्सबाई म्हणाल्या. "मशीन कितीवर आहे?"

समोर गोळी पाचवर तरंगत होती.

"दीडवर," मिस्त्री म्हणाले.

"नक्की? आणि आकडा?"

"अठ्ठ्याण्णव."

"दीडवर यांचा आकडा अठ्ठ्याण्णव येत नाही, मिस्त्री."

मिस्त्रींना लाज वाटत होती, आणि बायको मरत असताना आपल्याला लाज वाटते आहे याची त्याहून जास्त.

"पाचवर आहे," ते म्हणाले. "मीच केलं. तीन दिवस वाढवत नेलं. मीच."

"गोळी दीडवर आणा. मशीन बंद करू नका, नळी काढू नका. त्यांना उशा लावून बसतं करा आणि हाका मारत राहा."

"कमी करू? अहो, तिचा श्वास थांबतोय, आणि मी कमी करू?"

"आत्ता, मिस्त्री. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर मला सांगा. मी फोन ठेवत नाही."

गंजलेले बोल्ट नुसत्या मनगटाच्या जोरावर काढणाऱ्या मिस्त्रींना ते प्लास्टिकचं बटण फिरवता येईना. अखेर दोन्ही हातांनी धरून त्यांनी गोळी तांबड्या पट्टीवर आणली. बायकोला उचलून उशांना टेकवलं. तिची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली.

शहाण्णव. चौऱ्याण्णव. आकडा उतरत होता आणि आपणच तिचा गळा आवळतोय असं त्यांना वाटत होतं. दोनदा हात बटणाकडे गेला. दुसऱ्यांदा त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला. ब्याण्णव. नव्वद. ते हाका मारत होते, आणि हाका संपल्यावर शिव्या देत होते, स्वतःला.

मग आकडा थांबला. ज्या आकड्याचा त्यांनी इतका राग केला, तिथंच. मिस्त्री टक लावून पाहत राहिले. तो हलला नाही. जिन्यावर स्ट्रेचर आपटल्याचा आवाज आला.

त्यांनी तिच्या कानाला तोंड लावलं. "अगं, एकोणनव्वद पडले."

माणसं आत आली, एकानं तिच्या तोंडावर मास्क धरला, दुसऱ्यानं विचारलं, "मशीनला कोणी हात लावला होता?"

"मी," मिस्त्री म्हणाले. या वेळी अडखळले नाहीत. "एकोणनव्वद, ऐकतेस ना? एकोणनव्वद."

मास्कच्या आत तिचे ओठ हलले. "शाळेत..." ती म्हणाली.

पुढचं काही आलं नाही. तिला जिना उतरवत असताना मिस्त्री पायऱ्या चुकत मागं धावत होते आणि उरलेलं वाक्य ऐकायला कान तिच्याकडे लावून होते.