बॉल न मागणारी हन्ना

मित्रांनो, माझ्या अंगावरचे दाणे झिजून गुळगुळीत झाले आहेत आणि भरलेली हवा आता फार टिकत नाही. तरी जमिनीवर आपटलात तर आवाजावरून ओळखाल. शिरूरच्या मिशन कंपाउंडमधला जुना बास्केटबॉल, तो मीच.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. तिथून पुण्याच्या दुकानात आलो आणि नथानिएल सरांनी मला पिशवीत घालून एसटीने शिरूरला आणलं. चर्चमागच्या मैदानावर ते मुलींना खेळ शिकवत. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला न्हावऱ्याच्या रुपालीकडे फेकलं. तिनं मला इतक्या अलगद जाळीतून पार केलं की मला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

रुपालीची बोटं मला पाठ झाली. तिच्याच संघातल्या हन्नाची मात्र झाली नाहीत, कारण ती मला फारशी धरतच नसे. समोर चपळ मुलगी असो की स्वतःहून हातभर उंच, हन्ना गुडघे वाकवून तिच्यापुढे उभी राहायची आणि मला पुढे जाऊ द्यायची नाही. सामना संपला की लोक रुपालीभोवती जमत. हन्ना पाण्याच्या बाटल्या गोळा करत असे.

हन्नाचे वडील ऑस्टिन सणसवाडीच्या कंपनीत कामाला होते. एकदा सुट्टी काढून ते सामना बघायला आले. निघताना त्यांनी सहज विचारलं, "समद्यांची नावं पुकारली, तुझं कसं न्हाई आलं गं?"

हन्ना बाटल्या गोळा करत राहिली. पण दुसऱ्या दिवसापासून तीही मला मागू लागली. हातात आलो की लांबूनच जाळीकडे फेकायची. जिला अडवायचं ती मुलगी मोकळी सुटायची. त्या पंधरवड्यात यवतच्या मुलींनी आमचा सपाटून पराभव केला.

सर रागावले नाहीत. हन्नाला शेजारी बसवून म्हणाले, "बास्केट झाली की पाटीवर आकडा चढतो. तू जी होऊ देत न्हाईस, ती कुठं लिहायची हे मलाबी अजून उमगलं न्हाई. पण यवतला तू अडवलं न्हाईस, तवा पाटीवर दिसलं."

पुढे दौंडला अंतिम सामना होता. पुण्यात नव्यानं उभ्या राहिलेल्या एका व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षक सविता मॅडम तिथं येणार होत्या. त्या रुपालीला बघायला येताहेत, हे सगळ्या शिरूरला ठाऊक होतं.

दौंडची जस्मिन जाळीखाली उभी राहिली की कुणाला आवरत नसे. आमची उंच मुलगी पाच फाउल होऊन बाहेर गेली. सरांनी हन्नाला खूण केली. हन्ना जस्मिनच्या खांद्याएवढीच. पण मी येण्याआधीच ती जस्मिनची जागा धरून बसे, आणि मी जस्मिनपर्यंत पोहोचतच नसे. शेवटी दौंडची एक बुटकी, वाऱ्यासारखी पळणारी मुलगी सुटली, तर हन्ना तिच्याही पुढ्यात. त्या दिवशी हन्नाच्या नावावर एकही बास्केट नव्हती. रुपालीनं शेवटची बास्केट केली आणि आम्ही जिंकलो.

सविता मॅडम रुपालीजवळ आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुला सगळ्यात अवघड कोण जातं?"

मी तिच्या हातात होतो. तिची बोटं माझ्यात रुतली. खरं उत्तर कुणाच्या कामी येईल, हे तिला कळलं होतं.

"रोज सरावाला हन्ना समोर असती, मॅडम," ती म्हणाली. "ती आली की मला जाळी दिसत न्हाई. मी जे काय शिकले, ते तिला चुकवता चुकवताच."

मॅडमनी हन्नाकडे बघितलं. मग सरांना म्हणाल्या, "बास्केट करणाऱ्या मला पुष्कळ मिळतात. कुणाहीसमोर उभी करावी अशी एखादीच."

जागा एकच होती. त्यांनी हन्नाला घेतलं.

परतीच्या एसटीत रुपाली माझ्यावर हनुवटी टेकून खिडकीबाहेर बघत होती. शेजारी हन्ना बसली होती. न्हावरं आलं तेव्हा रुपालीनं मला हन्नाच्या मांडीवर ठेवलं, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि उतरून गेली.

हन्ना पुण्याला गेली. सर निवृत्त झाले. मैदानात काँग्रेस गवत माजलं आणि मी चर्चच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली, हवेविना, सुरकुतत पडून राहिलो. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. मग एके दिवशी कुलूप उघडलं. रुपाली होती. आता तीच इथं मुलींना शिकवते. तिनं ओल्या फडक्यानं मला पुसलं, पंप लावला आणि माझ्या शिवणी दाबून बघितल्या.

सरावाच्या सुरुवातीला ती मला कडेला ठेवते. मुली एकमेकींसमोर हात पसरून, गुडघे वाकवून नुसत्या सरकत राहतात. पूर्वी मी असा बाजूला पडलो असतो तर हिरमुसलो असतो. आता तिथून मला सगळा खेळ दिसतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला थोडी हवा आणि एखादा कोपरा दिलात तरी पुष्कळ झालं. पण कधी सामना बघायला गेलात तर एवढं करा: थोडा वेळ माझ्यावरची नजर काढा, आणि मी जिच्यापर्यंत पोहोचलो नाही, तिच्यासमोर कोण उभं आहे ते बघा.