अठरा आणि चार

काकू आणि त्यांची लेक ठमी, दोघी गेले चार महिने एकाच गाडीवरून भांडत होत्या. ठमी म्हणे, गाडी इतकी आदळते की हाडं खिळखिळी होतात. काकू म्हणत, काहीतरीच, लोण्यासारखी चालते. आणि हे त्या एकाच गाडीत, एकाच खड्ड्यावर, शेजारी शेजारी बसून म्हणत.

"तुला चालवताच येत नाही," काकू शेवटचा बाण काढायच्या. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आई. रोज पन्नास किलोमीटर मी जाते. तू जातेस आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत."

गाडी काकांची. काकांचा उभा जन्म लोकांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला. दोन पारड्यांत मोहरीएवढा फरक राहिला तरी या माणसाला जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने इलेक्ट्रिक गाडी घेतली, बायकोला फिरवायचं म्हणून, आणि नेमकं त्याच वर्षी काकू न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडून बसल्या. हाड सांधल्यावर काका त्यांना पहिल्यांदा बाहेर घेऊन निघाले, तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत पोचेतो काकूंनी तीनदा किंचाळून घेतलं. बॅटरीचं ओझं पेलायला कंपनीने स्प्रिंगा दगडासारख्या दिलेल्या. "तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ," त्या म्हणाल्या आणि चालत घरी परतल्या.

काकांनी आठ दिवस चार ठिकाणी चौकशा केल्या. मग त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रींकडून कंपनीचं सस्पेन्शन, म्हणजे त्या स्प्रिंगा आणि धक्के झेलणारे शॉकअप, काढवून टाकलं आणि बाहेरून आणलेलं, हवं तसं फिरवता येणारं बसवून घेतलं. गाडी दोन बोटं उंच झाली, म्हणजे काकूंना वाकून बसायला नको. शिवाय चारही चाकांच्या शॉकअपच्या डोक्यावर एकेक खुंटी आली. खुंटी फिरवली की टिक असा आवाज व्हायचा आणि चाक जरासं मऊ किंवा जरासं कडक व्हायचं. काट्यांच्या माणसाला आयतंच खेळणं मिळालं.

मग दर रविवारी सकाळी चहाची परीक्षा सुरू झाली. काकूंच्या हातात कपबशी, कप काठोकाठ भरलेला. रस्ता ठरलेला: दवाखान्यावरून, तीन गतिरोधक, मग छापखान्यामागचा उखडलेला तुकडा. इंजिनाची घरघर नसल्यामुळे गाडीतला बारीकसारीक आवाजही कानावर यायचा, आणि काका डोकं तिरकं करून ऐकत राहायचे. परत आले की बशीत किती सांडलं ते डोळ्याजवळ नेऊन बघायचे आणि खुंट्यांशी खुडबुड करायला जायचे.

"अहो, चहा प्यायचा असतो, मोजायचा नसतो," काकू म्हणायच्या. पण रविवारची वाट त्याही बघायच्या, शनिवारपासूनच.

एका रविवारी बशी कोरडी राहिली. काका इतके खूश झाले की गाडी थांबवताच त्यांनी तोच निवलेला चहा अर्धा स्वतः पिऊन टाकला. "तुम्हाला कशी वाटली?" काकूंनी विचारलं. "लोणी!" काका म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून हळूच गाडीतून उतरले. त्यानंतर खुंट्यांना त्यांनी हात लावला नाही. दोन वर्षं ते दोघं भरपूर फिरले. गेल्या वर्षी काका झोपेतच गेले.

म्हणून तर काकू भांडत होत्या. कपडे वाटून झाले होते, चष्मा कपाटात गेला होता, काटे दुरुस्त करायची हत्यारं एका ओळखीच्या माणसाने नेली होती. काकांनी हाताने लावून ठेवलेलं आणि अजून तसंच चालू असलेलं असं घरात हे एवढंच उरलं होतं. गाडीत डोळे मिटून बसलं की ते शेजारी आहेत असं काकूंना खरोखर वाटायचं. आणि ठमी आता माळ्यावरचं जुनं कंपनीचं सस्पेन्शन परत बसवायला निघाली होती. डॉक्टरांनी तिला पाठीचा पट्टा दिला होता, त्यामुळे काकूंना फार बोलताही येईना.

शनिवारी दोघी गॅरेजमध्ये गेल्या. ठमीला ऑफिसचा फोन आला म्हणून ती बोलत बोलत फाटकाबाहेर गेली. मिस्त्रींनी चष्मा पुसला.

"काढण्याआधी टिक मोजून घेऊ, काकू. लिहून ठेवलेलं बरं. पुढेमागे परत बसवायचं म्हटलं तर काकांचाच हिशोब लागेल."

खुंटी पूर्ण कडक होईपर्यंत किती टिक फिरते ते मोजायचं, अशी त्यांची पद्धत; जितक्या टिक जास्त, तितकं चाक मऊ. शेजारच्या सीटच्या बाजूचं पुढचं चाक: अठरा. मागचं: अठरा. मग चालकाच्या बाजूला गेले. टिक, टिक, टिक, टिक. खुंटी थांबली. मागचंही चारच.

मिस्त्रींनी पुन्हा मोजलं. "काका चुकले की काय? एक बाजू एकदम मऊ, एक एकदम कडक. असं कोणी लावत नाही."

"ते चुकायचे नाहीत," काकू ताडकन म्हणाल्या. आयुष्यभर दोन पारडी सारखी करणारा माणूस. अठरा आणि चार?

"मग मुद्दाम केलंय," मिस्त्री सावकाश म्हणाले. "हे बघा, दोन्हीकडे मऊ ठेवली असती तर एवढ्या ओझ्याची गाडी वळणावर डुलली असती. कुठेतरी कडक ठेवावंच लागतं. ते त्यांनी आपल्याकडे घेतलं."

काकू गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. त्यांना कमरेवर हात ठेवून उतरणारे काका दिसले. एका रविवारी नाही, दोन वर्षं, प्रत्येक वेळी. आणि आपण म्हणत होतो, बसून बसून आखडलात, जरा व्यायाम करा. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. मिस्त्री उगाचच पाने पुसत बसले.

"दोन्हीकडे अकरा-अकरा करू का?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "ठमीताईंना थोडा आराम पडेल, तुम्हालाही फार लागणार नाही. काढायलाही नको."

काकूंनी डोळे पुसले. "आकडे त्यांचेच राहू देत. फक्त बाजू बदला."

"म्हणजे कडक तुमच्याकडे? काकू, तुमचं हाड..."

"हाड कधीच सांधलंय. मी आठवड्यातून एकदा बसणार. ती रोज बसते." मग फाटकाकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तिला सांगायचं नाही."

ठमी परत आली तेव्हा मिस्त्री हात धूत होते. काढायची गरज नाही, थोडं बिघडलं होतं, नीट केलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. समोरच्या टपरीवरून काकूंनी एक चहा मागवला, कप काठोकाठ भरून, आणि बशीसकट मांडीवर धरून गाडीत बसल्या.

"तेवढा कप घरून परत पाठवते हं," त्यांनी काचेतून टपरीवाल्याला सांगितलं.

"हे काय आता, आई?"

"चल तू. छापखान्यामागून घे."

पहिल्याच गतिरोधकावर चहा बशीत आला. दुसऱ्यावर बशीतून मांडीवर. उखडलेल्या तुकड्यावर काकूंच्या कमरेतून अशी कळ गेली की त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारी ठमी पाठ सैल सोडून बसली होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"आई, तू म्हणायचीस ते खरंच होतं गं! कसली मस्त चालते! तुला कशी वाटतेय?"

काकूंनी पदर ओढून मांडीवरचा ओला डाग झाकला.

"लोणी," त्या म्हणाल्या.