समुद्राकडच्या पाख्याची मजुरी

मी एक जुने छप्पर आहे, मित्रांनो, पण आता माझ्याखाली माणसे राहत नाहीत. मला घरावरून उतरवले तेव्हा माझ्या सडक्या फळ्या चुलीत गेल्या आणि शाबूत होत्या त्या कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकल्या. पूर्वी मला चिलोए बेटाचा हा सगळा किनारा दिसायचा. आता फाटक, वाट आणि खाली ओहोटीचा चिखल एवढेच दिसते.

माझे लाकूड समोरच्या डोंगरातल्या आलेर्से झाडाचे. आता ते झाड तोडायला बंदी आहे. तेव्हा एलिसेओ नावेल्किन नावाचा माणूस कुऱ्हाडीने त्याच्या पातळ फळ्या काढायचा आणि आपल्या नावेतून खाडीपार आणायचा. उबर्लिंदाबाईंचे लग्न झाले त्या वर्षी त्यानेच मला या घरावर ठोकले, खालून वर, एकावर एक. खिळा मारण्याआधी तो प्रत्येक फळीवर तळहात ठेवायचा. तो हात मी कधी विसरले नाही.

पुढे कित्येक पावसाळे मी अंगावर घेतले आणि आत एक थेंब जाऊ दिला नाही. लोक वाटेत थांबून माझे कौतुक करायचे आणि मला ते आवडायचे. मग उबर्लिंदाबाईंचे यजमान वारले. एक फळी सरकली. ती बसवायला एक खिळा पुरला असता, पण शिडीवर चढणार कोण? तिच्या मागून शेजारची सरकली, भोकात शेवाळ आले, आणि एके दिवशी पाणी थेट बाईंच्या अंथरुणात पडू लागले. माझी वेळ भरली होती हे मला त्यांच्याआधी कळले.

कास्त्रो शहरातून एक ठेकेदार आला. त्याने टेपने मापे घेतली आणि हिशोब सांगितला. जुने उतरवायचे वेगळे, कुजलेले वासे बदलायचे वेगळे, पत्रे, खिळे, आणि मजुरी तर जवळजवळ निम्मी. सगळे मिळून चाळीस लाख पेसो. बाईंची भावजय ओतिलिया शेजारीच राहायची. ती म्हणाली, "एवढ्या पैशात हा स्वतः छप्पर होऊन घरावर बसणार आहे का?" ठेकेदार हसला नाही. बाईंनी त्याला चहा पाजून वाटेला लावले, एक डुक्कर आणि दोन मेंढ्या विकून फक्त पत्रे घेतले, आणि मजुरीसाठी सावड बोलावायचे ठरवले.

आमच्या बेटावर तिला मिंगा म्हणतात. तिचे नियम कडक आहेत. ज्याचे काम आहे त्याने दारोदार जाऊन फाटकाबाहेर उभे राहायचे आणि मागणे मागायचे. आतल्याने 'येतो' म्हटले की ते मागे घेता येत नाही, ना त्याला, ना तुम्हाला. काम झाले की पोटभर जेवू घालायचे. जेवल्याशिवाय कोणाचा दिवस भरत नाही. आणि पुढे त्याने बोलावले की तुम्ही त्याच्याकडे जायचे, राबायचे, जेवायचे. तेव्हा देणे फिटते.

बाई निघाल्या त्या सकाळी दाट धुके होते. चाळीस वर्षे त्याच वाटेने, त्याच क्रमाने त्या मागणे मागत आल्या होत्या, त्यामुळे पायांना डोळ्यांची गरज नव्हती. एका फाटकाशी थांबून त्या म्हणाल्या, "शनिवारी माझ्याकडे छपराची सावड आहे. हात लावायला ये, जेवायला ये."

"येतो," आतून आवाज आला.

वळणापर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की ते एलिसेओचे फाटक होते. एलिसेओ दोन हिवाळ्यांपूर्वी नावेसकट समुद्रात गेला होता. ना तो सापडला, ना नाव. घरात तेव्हापासून कोणी नव्हते. बाई घाईने घरी परतल्या. ओतिलियाला सांगितले तेव्हा तिने आधी छातीवर क्रूस काढला आणि मग म्हणाली, "बोलावलंत ना वन्सं? आता ताट मांडा त्याचं. माझ्या शेजारी नको म्हणजे झालं."

शनिवारी माणसे आली. समुद्राकडून बोचरा वारा होता, म्हणून सगळे आधी माझ्या डोंगराकडच्या उतरत्या पाख्यावर चढले. समुद्राकडचे पाखे दुपारी करू म्हणाले. तेवढ्यात त्या बाजूला मला एक हात लागला. ओला होता आणि फार गार होता. माझी एकेक फळी निघू लागली, ज्या क्रमाने ठोकली होती त्याच्या बरोबर उलट. काढण्याआधी प्रत्येकीवर तळहात टेकत होता. मित्रांनो, मी घाबरले हे खरे, पण मला रडूही आले.

जेवायच्या वेळी माणसे पलीकडे गेली तर ते पाखे पुरे झालेले. पत्रे सरळ बसलेले, खिळे एका ओळीत, फळ्या खाली रचून ठेवलेल्या. एक म्हातारा म्हणाला, "चला, बटाटे गार होतील." टेबलाच्या टोकाला एलिसेओसाठी वाढून ठेवलेले ताट रिकामे झाले होते आणि खुर्चीखाली खाऱ्या पाण्याचे थारोळे साचले होते.

नवे छप्पर गळले नाही, पण बाईंची झोप गेली. दिवस फेडायचा होता आणि कसा ते ठाऊक नव्हते. "मेलेला माणूस काय काम सांगणार?" ओतिलिया विचारायची. बाई म्हणायच्या, सांगेल तेव्हा कळेल.

जूनमध्ये पुन्हा तसेच धुके आले. मी तेव्हा खुराड्यावर होते. कोंबड्या एकाएकी गप्प झाल्या. फाटकाबाहेरून आवाज आला, "उबर्लिंदा, उद्या ओहोटीला नाव ओढायची आहे. हात लावायला ये, जेवायला ये."

स्वयंपाकघरात बाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. बाई तोंड मिटून बसू शकल्या असत्या. मलाही वाटले, नका बोलू.

"येते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बैलजोडी घेऊन खाली उतरल्या. मागून ओतिलिया कुरकुरत निघाली. एकट्या बाईला कोण जाऊ देईल, म्हणाली. चिखलात एका दोराचे टोक पडले होते आणि दोर ताणलेला, सरळ पाण्यात गेलेला. दोघींनी मिळून तो जुवाला बांधला. बैल पुढे पाऊल टाकेनात, पण बाईंनी त्यांच्या कानाशी काहीतरी म्हटले आणि ते निघाले. हळूहळू नाव वर आली. तिच्या अंगावर शिंपल्या गच्च वाढल्या होत्या. आत एलिसेओ होता. किती उरला होता ते तुम्हाला सांगत नाही.

बाईंनी विस्तव पेटवला आणि नावेच्या शिंपल्या काढून उकडायला ठेवल्या. ओतिलियाने त्यांचा हात धरला.

"वन्सं, हे तोंडात घालू नका. देणं फिटलं समजा आणि चला."

"खाल्लं नाही तर दिवस भरत नाही," बाई म्हणाल्या. "मग पुन्हा यावं लागेल त्याला. बिचाऱ्याला किती हेलपाटे घालायला लावू?"

आणि त्या जेवल्या. पोटभर जेवल्या आणि म्हणाल्या, "फिटलं रे एलिसेओ." ओतिलिया पाठ फिरवून उभी राहिली. तिने एकही शिंपली खाल्ली नाही. त्याच आठवड्यात एलिसेओला दफनभूमीत जागा मिळाली.

म्हणून सांगते, मित्रांनो. फळी सरकली की त्याच दिवशी बसवा, नाहीतर अख्खे छप्पर जाते. छपराचा भाव विचाराल तेव्हा वर चढणाऱ्याला काय द्यावे लागेल तेही विचारा आणि ते पुरते द्या. आणि कोणाच्या कामाला हात लावलात, तर त्याच्या ताटावरून तसेच उठू नका. आज पुन्हा धुके पडले आहे. ओतिलिया अंडी न्यायला आली आहे आणि स्वयंपाकघरात बाईंशी हसून बोलते आहे. फाटकाशी कोणीतरी येऊन उभे राहिले आहे.

"ओतिलिया," तो म्हणतो आहे, "तुझं जेवण राहिलंय."