लक्ष्मीच्या कपाळावरचं कुंकू

शुक्रवार आला की श्रुतीला नकोसं व्हायचं. गणपतराव नावाच्या हौशी माणसानं एकोणिसाव्या शतकात चित्रं जमवून ज्या घरात लावली, त्याच घराचं आता संग्रहालय झालं होतं. तिथल्या दिवाणखान्यातल्या लक्ष्मीच्या तैलचित्राला दर शुक्रवारी कुणीतरी कुंकू लावून जायचं. चित्रांची निगा राखायचं काम रसायनशास्त्र शिकलेल्या श्रुतीकडं होतं. गणपतरावांचे पणतू विजयसिंह संग्रहालय चालवायचे. त्यांनी कालच बजावलं होतं, "उद्या पुन्हा कुंकू दिसलं, तर लक्ष्मी कोठीत. कुलपात." कुलपातलं चित्र बघणार कोण?

म्हणून श्रुती आज सकाळपासून चित्रापाशीच उभी होती. पलीकडच्या गल्लीतल्या धोंडुबाई आल्या, चपला दारात काढल्या आणि करंडा उघडून बोट कुंकवात बुडवलं.

"मावशी, थांबा! कुंकवात चुना असतो. तो तेलरंगाला खातो."

"माझ्या कपाळाला न्हाय खाल्लं त्यानं?"

"कपाळाला नवी कातडी येते. चित्राला नवा रंग येत नाही."

धोंडुबाईंचं बोट हवेतच राहिलं. "मग गं?"

"काच लावू या?"

"लक्ष्मी हाय का ब्यांकेतला क्याशेर?"

श्रुतीनं विक्रीला ठेवलेली चित्राची छापील प्रत आणली. "मग हिला लावा."

"झेरॉक्सला कुंकू? शिकलीस तेवढं पुरं झालं!"

चुना पटला होता, प्रत पटत नव्हती.

"मावशी, देवळात मूर्ती झिजायला लागली की अभिषेक कुणावर करतात?"

"उत्सवमूर्तीवर. येवढं बी ठावं न्हाय?"

"मग ही आपली उत्सवमूर्ती."

धोंडुबाईंनी चित्राकडं बघितलं, प्रतीकडं बघितलं. "लबाड हाईस," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "पाट आण आधी. देवी भुईवर ठेवत्यात व्हय?"

चित्राखाली पाट मांडला, त्यावर प्रत उभी केली. दुपारपर्यंत आणखी बायका आल्या. धोंडुबाई जाग्यावरनं हलल्या नाहीत.

चारच्या सुमारास विजयसिंह चित्र उतरवायला दोन गडी आणि शिडी घेऊनच आले. चित्रासमोर येताच लहानपणच्या सवयीनं त्यांचा हात लक्ष्मीच्या पायाकडं गेला.

"ओ पावणं! वर न्हाय, खाली!" धोंडुबाई ओरडल्या.

तापल्या तव्यावर पडावा तसा हात मागं आला. त्यांनी वर बघितलं. लक्ष्मीचं कपाळ स्वच्छ होतं. खाली बघितलं, तर प्रतीचं कपाळ कुंकवानं माखलेलं. मग ते वाकले, धोंडुबाईंच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू प्रतीला लावलं आणि गड्यांना म्हणाले, "शिडी परत न्या."

श्रुतीनं गड्यांना दार उघडून दिलं.

"पावणं कुठलं म्हणायचं?" धोंडुबाईंनी विचारलं.

"इथलाच की," विजयसिंह म्हणाले.