मुर्ध्याचे चाळीस

मुर्ध्याच्या स्टॉपवर दशरथकाका पाचव्यांदा बसमध्ये चढले आणि मोजणीला उभ्या असलेल्या रसिकाने फॉर्मवर त्यांची पाचवी रेघ मारली. शर्ट तोच, पिशवी तीच, पिशवीत काहीच नाही तेही दिसत होतं. पण दर वेळी माणूस वेगळा पाहिजे, असं फॉर्मवर कुठे लिहिलं होतं?

"काका, आता कुठे?"

"कामं असतात गं मान्साला," म्हणत ते आत गेले आणि बस निघाली.

चूक तिचीच होती. सकाळी स्टॉपवर सुके बोंबील विकणाऱ्या विमलाबाईंनी विचारलं, पोरी, काय लिहितेस, आणि हिने सगळं सांगून टाकलं. म्हणजे नवीन फास्ट बस येतेय, ती मुर्धा नाहीतर राई, दोघांपैकी एकाच स्टॉपवर थांबणार, जिथे माणसं जास्त तिथे, आणि आज संध्याकाळी सहापर्यंत मोजणी. एवढंच. अर्ध्या तासात गावभर झालं आणि जो तो चढायला लागला. चढायचं, पुढच्याच स्टॉपला, राईला उतरायचं, उन्हातून चालत परत यायचं, पाणी प्यायचं, परत चढायचं. तीन वाजेपर्यंत सगळे असे दमले होते की एकमेकांशी बोलणंही बंद झालं होतं. रसिकाचेही पाय उभं राहून राहून दगड झाले होते.

विमलाबाई तेवढ्या चढल्या नव्हत्या. गुडघे. बसची पायरी त्यांना चार वर्षं जमली नव्हती. पण बोंबील घेणार कोण, तर बसची वाट बघणारी माणसं, आणि तीच गेली तर पाटी कुठे मांडायची? म्हणून त्या बसल्या जागेवरून एकेकाला उठवत होत्या.

"उठ रं, गाडी आली. जावई हायस काय बसून र्‍हायला?"

सहाला पाच मिनिटं होती. मोजणीतली शेवटची बस समोरून येताना दिसली आणि स्टॉपवर चढायला कोणीच नव्हतं, सगळे राईहून परतीच्या वाटेवर.

"किती झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

"एकोणचाळीस."

त्यांनी येणाऱ्या बसकडे बघितलं. मग खांबाला धरून उठल्या.

"पाटीवर ध्यान ठेव. मांजर येतंय."

"आजी, राहू दे ना."

पण त्यांनी पाय पायरीवर ठेवला होता. एकदा जोर लावला, परत लावला, मग कंडक्टरने हात दिला.

"आजी, बोंबील नाही ना घेतले?"

"न्हाय रं. मीच हाय."

रसिकाने चाळिसावी रेघ मारली. बस गेली. ती पाटीजवळ खाली बसली, माश्या हाकलत, आणि दहा मिनिटांत पिंटूचा फोन. तो राईच्या स्टॉपवर मोजत होता.

"यार, वाट लागली आज. काय गर्दी आहे इथे! प्रत्येक गाडीतून तीन-चार उतरतायत. आता तर एक आजी उतरली, गुडघे धरून."

"उतरलेले पण बेरजेत धरतात?"

"मग? दोन रकाने आहेत ना फॉर्मवर. दोन्हींची बेरीज करून पाठवायची. माझे उतरलेलेच बेचाळीस झाले, चढलेले वेगळे. तुझे किती?"

रसिकाने फॉर्म बघितला. दुसरा रकाना तिच्याकडेही होता, सकाळपासून. त्यात तीन रेघा.

"पाठवते," ती म्हणाली.

विमलाबाई परत आल्या तेव्हा दिवे लागले होते. एका बाजूने दशरथकाकांनी धरलं होतं. त्या पाटीमागे टेकल्या, पाय लांब केले, चपला काढल्या. मग रसिकाकडे बघितलं.

"झालं ना चाळीस?"

"झाले."

विमलाबाई गुडघा चोळत राहिल्या.

"उद्या परत मोजायचं असंल तर सांग," त्या म्हणाल्या. "जमतंय मला. राईपतूर जाईन."