सैल खांदा

“खांद्यात दाबून धर, आर्डिस. बंदूक मोकळी मागे पळाली, तर जाताना गोळीचा थोडा वेग घेऊन जाते.”

नॉर्वलने हे सांगितलं तेव्हा लग्नाला जेमतेम तीन महिने झाले होते. बंदुकीबद्दल असं बोललेलं ऐकून आर्डिसला हसू आलं होतं, जणू ती एखादं वासरूच होती. त्याला बेचाळीस वर्षं झाली. यंदाच्या जानेवारीत नॉर्वल गेला, आवाज तेवढा मागे राहिला.

तिने नेहमीप्रमाणे स्तोत्र वाचलं, कॉफी घेतली, आणि बंदूक घेऊन ती धान्याच्या कोठारामागे नॉर्वलच्या नेमबाजीच्या बाकापाशी आली. मोंटानात एप्रिल उजाडला तरी ओढ्याकाठी बर्फ असतो. थंडीत बारूद मंदावतं, म्हणून गोळ्यांचे वेग उतरवलेल्या वहीतल्या शेवटच्या नोंदीच्या दिवसाइतकी ऊब येईपर्यंत ती महिनाभर थांबली होती. नॉर्वलला दिलेलं वचन तिला पाळायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी डेल्मर हाउगेनने बारुदाचा मोठा डबा आणला आणि निम्मं बारूद नॉर्वलला दिलं. दोघं शाळेपासूनचे सोबती. नॉर्वल आपली काडतुसं घरीच भरायचा, कण न् कण तोलून. मग बाकावर बसून झाडायचा. पुढ्यातलं यंत्र गोळीचा वेग सांगायचं आणि आर्डिस शेजारी बसून तो वहीत उतरवायची. पहिल्या मे महिन्यात सेकंदाला दोन हजार सातशे पंचेचाळीस फूट. सप्टेंबरात दोन हजार सातशे छत्तीस. पुढच्या मेमध्ये सत्तावीस. गेल्या सप्टेंबरात सोळा.

“डेल्मरने डबा पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवला असणार,” नॉर्वल म्हणाला. आणि तेच तो रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलावर, चारचौघांत बोलला.

“माझ्या बारुदात खोट नाही,” डेल्मर म्हणाला. “तुझ्याच हाडांत दम उरला नाही, म्हातारड्या!”

सगळे खो खो हसले. नॉर्वल तेवढा हसला नाही.

“नासका माल गळ्यात मारतोस आणि वर दात काढतोस?”

डेल्मरने कप खाली ठेवला. त्या दिवसापासून तो चर्चमध्ये पलीकडच्या रांगेत बसू लागला. नॉर्वलच्या दफनाला आला, टोपी हातात धरून मागे उभा राहिला आणि कॉफी न घेताच निघून गेला. त्या गावात असं कुणी जात नाही.

नॉर्वलचा आजार नोव्हेंबरात कळला. स्नायू झडत चालले होते. शेवटच्या आठवड्यात त्याचा आवाज ऐकायला आर्डिसला कान ओठांशी न्यावा लागायचा.

“त्याच डब्यातलं बारूद भरलेली वीस काडतुसं ठेवलीत. तू झाडून बघ. बारूद नासलेलं निघालं, तर वही जाळून टाक, वाद तिथेच संपू दे.”

“आणि चांगलं निघालं तर?”

“तर मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. त्याच्या दारात जाऊन सांग. फोन नको.”

“सांगेन.”

“स्वतः जाशील ना गं?”

“जाईन रे. बोलू नकोस आता.”

आता ती बाकावर बसली. शेवटी शेवटी नॉर्वल बसायचा तशीच: एक वाळूची पिशवी नळीखाली, दुसरी दस्त्याखाली, डावा हात मांडीवर, खांदा नुसता टेकलेला. असं ठेवलं की नेम हलत नाही, असं तो म्हणायचा. तिने पाच गोळ्या झाडल्या. सरासरी दोन हजार सातशे सतरा.

म्हणजे नॉर्वलचंच खरं होतं. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. वही मिटताना समासातल्या तिच्याच बारीक अक्षरावर नजर गेली. पहिला मे: ‘एक पिशवी’. गेला सप्टेंबर: ‘दोन पिशव्या’.

खांद्यात दाबून धर, आर्डिस.

तिने दस्त्याखालची पिशवी काढली. डाव्या हाताने बंदूक पकडली, दस्ता खांद्यात रोवला, गाल घट्ट टेकवला. पाच गोळ्या. दोन हजार सातशे चव्वेचाळीस. तिचा विश्वास बसेना. आणखी पाच. सेहेचाळीस.

बारूद चांगलं होतं. पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं.

ती वही मांडीवर घेऊन बसून राहिली. पंचेचाळीस, छत्तीस, सत्तावीस, सोळा. बारूद नव्हे, नॉर्वलचा खांदा सुटत चालला होता. हात थकला म्हणून त्याने दुसरी पिशवी मागितली होती आणि तिने ती हसत हसत आणून दिली होती. डॉक्टरला कळायच्या वर्षभर आधीपासून ते या वहीत उतरत होतं, तिच्याच हाताने. एकदा तर तो म्हणाला होता, “सोळा? नीट बघितलंस ना?” आणि ती म्हणाली होती, “मला आकडे वाचता येतात, नॉर्वल.”

तिने तोंडावर हात दाबून धरला. कोठारापलीकडे कुणी नव्हतं, तरीही.

बऱ्याच वेळाने ती उठली. उरलेली पाच काडतुसं कोटाच्या खिशात टाकली. घरात जाऊन काल भाजलेल्या बटाट्याच्या पोळ्या स्वच्छ फडक्यात बांधल्या; डेल्मरला त्या लोणी-साखर लावून आवडायच्या. वही वर ठेवली. फोन भिंतीवर होता, त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. नॉर्वलची टोपी खुंटीवर सरळ केली, दार ओढून घेतलं, आणि डेल्मर हाउगेनच्या घराच्या रस्त्याला गाडी वळवली.