कानाला न लावलेला भोंगा

मिस्त्रींना कमी ऐकू येतं, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं, एकट्या मिस्त्रींना सोडून. जन्मभर कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या शेजारी उभं राहून काम केलेलं. कान शाबूत राहतील कसे? पण हे त्यांना सांगायचं कुणी? काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा धीर करून सांगितलं, तर म्हणाले, तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं म्हणतात. मिस्त्रींनी त्यातला पहिला अर्धा केव्हाच सोडून दिला होता.

काकू घरी शिवणकाम करायच्या. माप द्यायला आलेली बाई नुसती माप देऊन कधी जाते का? इकडचं तिकडचं काहीतरी सांगूनच जाते. ते सगळं दिवसभर जपून ठेवायचं आणि संध्याकाळी चहा पिता पिता हळूच मिस्त्रींना सांगायचं, हे काकूंचं संसारातलं खरं सुख होतं. मिस्त्री तोंडावरची रेषही न हलवता ऐकायचे आणि मध्येच असा एखादा शेरा मारायचे की काकूंना हसता हसता ठसका लागायचा. गेली दोन वर्षं ते सगळं बंद पडलं होतं. गॅस बंद केला का, किल्ली घेतली का, हे ओरडून विचारता येतं. चहाडी ओरडून करता येते का? लिहून दाखवावी, तर लिहिली की तिची तक्रार होते, मजा निघून जाते. काकूंचं पोट नुसतं फुगलं होतं. खरं सांगायचं तर घरात दोन माणसं असून बाईला एकटं एकटं वाटत होतं.

त्यातून सध्याची बातमी तर पोटात न मावणारी होती. इमारतीच्या सेक्रेटरींनी आवारातलं दाट झुडूप एका दिवसात कमरेइतकं छाटून टाकलं होतं. डास होतात, असं त्यांनी फलकावर लिहिलं. डास कसले आणि काय कसले! झुडूप उतरलं की तळमजल्यावरच्या सेक्रेटरींच्या खिडकीतून समोरच्या गाण्याच्या बाईंची गॅलरी स्वच्छ दिसते, हे काकूंनी शिवणयंत्रावर बसल्या बसल्या टिपलं होतं. सेक्रेटरी विधुर, बाई एकट्या. वाईट त्यात काहीच नव्हतं, पण सांगायला काय बहार होती! आणि सांगायचं कुणाला?

मिस्त्रींनी त्या झुडपावरून भलतंच काढलं. म्हणाले, आपला शिट्टीवाला गेला. शिट्टीवाला म्हणजे अंगठ्याएवढा एक पक्षी, पहाटे त्या झुडपात बसून बारीक शिट्टी घालायचा. प्रत्यक्षात तो कुठ्ठे गेला नव्हता. उरलेल्या झुडपावर बसून तो रोज पहाटे असा काही सुटायचा की काकू उशी डोक्यावर घ्यायच्या. पण बारीक आवाज कानातून आधी जातात आणि मिस्त्रींच्या लेखी तो पक्षी इमारत सोडून गेला होता. सेक्रेटरींनी त्याला घालवला. आता भर बैठकीत पुराव्यानिशी दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. पुरावा म्हणजे पहाटेची सामसूम. ती टिपायची तर रेकॉर्डरला लांबचा आवाज गोळा करणारा भोंगा हवा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की पक्षी होता पण लांब होता.

पहिला भोंगा त्यांनी पत्र्याचा केला. हात बसलेला, सांध्यांचे डाख असे सुबक की बघत राहावं. पण पत्रा स्वतःच बोलायला लागला. वाऱ्याची झुळूक आली की भोंगा घुमायचा आणि कबुतर बसलं की गडगडाट व्हायचा. मग दुसरा पुठ्ठ्याचा. यात काकूंची कात्री कामाला आली. घेरदार झग्याला कळ्या कापतात, वर निमुळत्या आणि खाली पसरट, तशा पुठ्ठ्याच्या कळ्या कापल्या. कडा सरळ नाही ठेवायच्या, बाहेरच्या अंगाला वळत न्यायच्या. मिस्त्रींनी त्या जोडून वर कागदाचे थर खळीनं चिकटवले आणि वॉर्निश दिलं. तोंड धुण्याच्या टबाएवढं, शेपूट करंगळीएवढं. त्या शेपटात माईक बसवायचा.

माईक बसवण्याआधी काकूंनी शेपूट कानाला लावून बघितलं. आवारापलीकडच्या भिंतीवर मांजर अंग चाटत होतं. त्याच्या जिभेची खरखर अशी ऐकू आली की काकूंनी दचकून मान मागे घेतली. त्यांनी भोंगा मिस्त्रींपुढे धरला. तुम्हीही लावून बघा, असं खुणेनं सांगितलं. मिस्त्री नाकाचा शेंडा लाल करून म्हणाले, कानाला भोंगा लावायला मी काय बहिरा आहे?

पहाटे त्यांनी भोंगा गॅलरीत झुडपाकडे रोखला, रेकॉर्डर चालू केला आणि आपला श्वासही टिपला जाऊ नये म्हणून आत जाऊन पडले. संध्याकाळी डोळे मिटून, हाताची घडी घालून सगळं ऐकलं. मग समाधानानं म्हणाले, बघ, सामसूम. स्वयंपाकघरात काकूंच्या हातातलं उलथनं थांबलं होतं. शिट्टीवाला त्या रेकॉर्डरमध्ये नुसता धिंगाणा घालत होता. काकूंनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तोंडातल्या तोंडात बोलते काय? जा, जा बैठकीला. चारचौघांत दात घशात गेल्याशिवाय हा माणूस कानाच्या डॉक्टरची पायरी चढायचा नाही. काकूंना त्या रात्री हसू आवरेना.

बैठक दुसऱ्या दिवशी खालच्या व्हरांड्यात भरली. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, पक्ष्यांवर चार शब्द बोलले, सेक्रेटरींकडे एक जळजळीत नजर टाकली आणि रेकॉर्डर चालू केला.

शिट्टीवाला गायला लागला. अख्खा व्हरांडा त्याच्या आवाजानं भरून गेला.

"ऐका," मिस्त्री बोट वर करून म्हणाले. "आहे काही?"

सेक्रेटरींनी तोंड उघडलं, तेवढ्यात गाण्याच्या बाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला. एरवी काकूंनी ही गोष्ट मिठाईसारखी उचलली असती. पण त्यांचं लक्ष मिस्त्रींच्या त्या वर केलेल्या बोटाकडे होतं. काय करून बसलो आपण, असं त्यांना झालं. उठून म्हणावं का, यंत्र बिघडलंय म्हणून?

शेवटी सेक्रेटरींनीच घसा खाकरला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "खरं आहे, मिस्त्री. काही ऐकू येत नाही. झुडूप पुन्हा छाटणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, शिट्टी वाजतेय आणि वीस माणसं माना डोलावतायत!

मिस्त्री जिंकले होते. रेकॉर्डर बंद करायला ते ऐटीत खाली वाकले आणि तसेच राहिले. रेकॉर्डरवर आवाजाचा काटा असतो, तो बघायची त्यांना आजवर गरजच पडली नव्हती. काटा उड्या मारत होता. थांबत होता, पुन्हा उड्या मारत होता. जन्मभर काट्यांवर विश्वास ठेवून काम केलेला माणूस तो. माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही. मिस्त्रींनी वर बघितलं. लोकांच्या डोलणाऱ्या माना बघितल्या, मग काकूंचा चेहरा बघितला. रेकॉर्डर बंद केला, काखेत मारला आणि जिना चढून गेले.

काकू मागोमाग धावल्या. घरात मिस्त्री गॅलरीतला भोंगा आत आणून त्याच्या शेपटातून माईक उपटत बसले होते. काकूंना वाटलं, आता मोडून टाकणार. त्यांनी मोडला नाही. खुर्ची ओढली, शेपूट कानात बसवलं आणि ते टबाएवढं तोंड काकूंकडे वळवलं.

"बोल," ते म्हणाले. "ओरडू नकोस."

काकू भोंग्यात तोंड घालून हळूच म्हणाल्या, मला काल संध्याकाळीच ठाऊक होतं.

"ते तुझ्या तोंडावर दिसलं. दुसरं काहीतरी सांग."

मग काकूंनी झुडपाचं सांगितलं. खिडकी, गॅलरी, डास, आणि आजचा बाहीवरचा हात, सगळं अगदी कुजबुजत, जसं सांगायचं असतं तसं. मिस्त्री तोंडावरची रेषही न हलवता ऐकत होते.

"म्हणजे सेक्रेटरींनाच पक्षी बघायचा होता," ते म्हणाले, आणि काकूंना असा ठसका लागला की पुठ्ठ्याचा भोंगा हातात थरथरला.

हसणं ओसरल्यावर मिस्त्री जरा रागानंच म्हणाले, "एवढी गोष्ट, आणि मला आधी का नाही सांगितलीस?"

"सांगत होते की," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी भोंगा कानात आणखी घट्ट बसवला.

"अजून काय काय सांगत होतीस?"